बारा मैलांपलीकडचं पाणी

इंजिनरूममधून : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त चीफ इंजिनीअरची उत्तरं

मागच्या अंकात बोटीवर पिण्याचं पाणी कसं बनवतात ते लिहिलं होतं. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, एवढाच तो कारभार. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांनी दुसरं टोक धरलं आहे. पाणी येतं कुठून ते कळलं, जातं कुठे? नागपूरच्या माणसाचा पाण्याचा विचार नळाच्या तोटीपाशी संपतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली, बरं झालं.

"काका, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहा जण मुंबईहून गोव्याला क्रूझने गेलो. सकाळी डेकवर चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, 'एवढ्या माणसांचं सकाळचं सगळं जातं कुठे गं?' आम्ही हसलो. तिथल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, 'मॅडम, सगळं ट्रीट होतं.' सासूबाईंचं काही समाधान झालं नाही. नागपूरला आल्यावरही त्यांचा तोच प्रश्न आहे."
— एक वाचक, नंदनवन

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बोटीवर चढल्यावर हा प्रश्न पहिल्याच सकाळी पडावा, असा माणूस इंजिनरूममध्ये हवा होता.

त्या मुलाचं उत्तर अर्धं खरं आहे. बोटीवर सांडपाण्याच्या दोन जाती असतात. संडासातून आणि दवाखान्यातून येतं ते काळं पाणी. आंघोळ, बेसिन, लाँड्री आणि भांडी घासण्याचं ते करडं पाणी. (काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. मी पहिल्या पत्रात आईला लिहिलं होतं, 'मला काळ्या पाण्याची ड्युटी लागली आहे.' ती दोन दिवस रडली.)

मी १९८१ साली पहिल्यांदा मालवाहू बोटीवर चढलो, तेव्हा संडासाचा पाइप सरळ समुद्रात उघडायचा. नंतर यंत्रं आली. भांडेवाडीचा सांडपाणी शुद्ध करणारा मोठा प्रकल्प एका खोलीत बसवलात तर जे होईल तेच ते. पहिल्या टाकीत हवा सोडून जिवाणू पोसायचे, दुसऱ्या टाकीत गाळ बसू द्यायचा, तिसऱ्या टाकीत क्लोरीन टाकायचं. ही कामगिरी बहुधा सर्वांत धाकट्या इंजिनीअरच्या गळ्यात पडते. जिवाणू म्हणजे विरजणच. जपलं तर वर्षानुवर्षं चालतं. कोणी हौसेने संडासात ॲसिड ओतलं की मरतं. टाकीतलं पाणी चॉकलेटी दिसलं तर तब्येत बरी. काळसर झालं आणि सडक्या अंड्यांचा वास आला तर हवा बंद पडली आहे असं समजायचं. माझ्या दुसऱ्याच बोटीवर हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा पट्टा तुटला, सुटा पट्टा नव्हता. पुढच्या बंदरापर्यंत पाच दिवस जेवणाच्या मेसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

आता नियम. सागरी प्रदूषणाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे मार्पोल. त्याचं चौथं परिशिष्ट मैल्याबद्दल आहे. ते २००३ च्या सप्टेंबरात लागू झालं आणि भारतानेही ते स्वीकारलेलं आहे. मैला बारीक करून, जंतुनाशक घालून सोडायचा असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैल लांब जा. प्रक्रिया न करता सोडायचा असेल तर १२ मैल लांब जा, बोट चालती ठेवा, वेग निदान ४ नॉट, म्हणजे तासाला ४ सागरी मैल, ठेवा आणि एकदम न ओतता हळूहळू सोडा. ३ सागरी मैल म्हणजे साडेपाच किलोमीटर, आपल्या झिरो माइलपासून पारडीच्या अलीकडेच. १२ मैल म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर. तेवढ्यात कामठी मागे टाकून कन्हानचा पूल ओलांडता येतो. आणि मान्यताप्राप्त शुद्धीकरण यंत्र असेल, त्यातून निघालेल्या पाण्यात तरंगता घनकचरा दिसत नसेल, समुद्राचा रंग बदलत नसेल, तर अंतराची अटच नाही.

हे वाचून सासूबाई 'शी!' म्हणतील. पण मी इथे जरा बोटीची बाजू घेतो. खोल समुद्रात, चालत्या बोटीमागे, पंख्याच्या घुसळणीत सोडलेला मैला पाण्यात मिसळून पार विरळ होतो. एका बोटीने अरबी समुद्र बिघडत नाही. मुंबई शहर स्वतःचं सांडपाणी वर्षानुवर्षं वरळी आणि वांद्र्याहून समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यांतून तीनेक किलोमीटर आत नेऊन सोडत आलं आहे. ते समुद्राने गिळलं का, हे तिथल्या कोळ्यांना विचारा.

माझं दुखणं करड्या पाण्याचं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली क्रूझ बोटींचा हिशेब मांडला. प्रवासी आणि कर्मचारी मिळून तीनेक हजार माणसांच्या बोटीवर दिवसाला सुमारे २१ हजार गॅलन काळं पाणी निघतं आणि करडं १ लाख ७० हजार गॅलन. त्यांचा गॅलन पावणेचार लिटरचा. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांत येतो त्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं, तर काळं पाणी आठ टँकर आणि करडं चौसष्ट टँकर! दोन्ही मिळून माणशी दोनशे चाळीस लिटर. आपल्याकडे शहरी माणसाला सगळं मिळून १३५ लिटर पाणी द्यावं असा निकष आहे, आणि उन्हाळ्यात तेवढं कोणाला मिळतं ते नंदनवनात राहणाऱ्यांना मी काय सांगावं.

या चौसष्ट टँकरांबद्दल चौथं परिशिष्ट काहीच बोलत नाही. साबण, तेल, शाम्पू, अन्नाचे कण, सगळ्यांना वाट मोकळी. काही देशांनी आणि बंदरांनी आपापले नियम केले. पुष्कळ कंपन्या स्वतःच्या शिस्तीपोटी करडं पाणीही लांब नेऊन सोडतात, नवीन बोटींवर ते शुद्धही करतात. पण शिस्त आणि नियम यांत फरक असतो. शिस्तीचा खर्च वाढला की ती ढिली पडते.

निवृत्तीआधीची काही वर्षं मी प्रवासी बोटीवर होतो. तिथे आमचा दिवस घड्याळावर चालत नसे, आंघोळींवर चालायचा. बोट बंदरात असली की प्रवासी गावात फिरून साडेपाचला परत यायचे आणि दीड हजार शॉवर एकदम सुरू व्हायचे. बोट अजून धक्क्यालाच बांधलेली, आणि करड्या पाण्याच्या टाक्या चढत चाललेल्या. कंट्रोल रूममध्ये एक जण फक्त त्या आकड्यांकडे बघत बसायचा. बारा मैल ओलांडले की ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीतून, फोन यायचा, मग आम्ही व्हॉल्व्ह उघडायचो. त्या फोनची वाट जेवढी पाहिली तेवढी पगाराचीही पाहिली नसेल.

"साहेब, माझं माहेर मालवणचं, सासर धंतोलीत. आमच्याकडेही क्रूझ येणार अशी चर्चा अधूनमधून उठते. भाऊ खूश आहे, त्याच्या दोन रिक्षा आणि खाणावळ आहे. मला विचारायचं आहे की गावाने हो म्हणण्याआधी काय विचारावं?"
— एक वाचक, धंतोली

भावाची खुशी खोटी नाही. बोट आली की धंदा येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मुंबईत २०२४ साली क्रूझ भारत मिशन सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडे सगळी चर्चा टर्मिनलच्या काचा आणि प्रवाशांच्या संख्येवर चालते. बोट गावाला काय देते हे सगळे सांगतात. ती गावाजवळ काय सोडते, हे गावाने विचारायचं असतं.

तुम्हाला जुनोची गोष्ट सांगतो. जुनो ही अलास्काची राजधानी. वस्ती बत्तीसेक हजार. बाहेरून तिथे रस्ता येत नाही, विमानाने या नाहीतर बोटीने. २०२३ साली त्या गावात क्रूझचे १६ लाखांहून जास्त प्रवासी उतरले. डोंगरांमध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या, त्यात देवमासे, सामन मासे, आणि रांगेने उभ्या बारा-बारा मजली बोटी.

१९९९ साली रॉयल कॅरिबियन कंपनीने न्यायालयात गुन्हे कबूल केले. तेलकट पाणी, फोटो धुण्याची आणि ड्रायक्लीनिंगची रसायनं तिच्या बोटींनी समुद्रात सोडली होती, त्यात अलास्काचं पाणीही आलं. दंड १ कोटी ८० लाख डॉलर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जुनोच्या मतदारांनी दर प्रवाशामागे ५ डॉलर कर लावून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात बोटींच्या सांडपाण्याचे ८० नमुने तपासले, त्यांतले ७९ मानकात बसले नाहीत. यंत्रं होती, प्रमाणपत्रं होती, कागद सगळे नीट होते. ज्या करड्या पाण्याला सगळे निरुपद्रवी समजत होते, त्यातही मैल्यातले जंतू सापडले.

तो एक आकडा माझ्यासारख्या माणसाला झोपू देत नाही, कारण त्या प्रमाणपत्रांवर माझ्यासारख्यांनीच बोटी चालवल्या. आधी कोणी नमुना मागितला नव्हता, म्हणून कोणी दिला नव्हता.

त्यानंतर मात्र चक्रं हलली. २००० च्या अखेरीस केंद्रीय कायदा आला, २००१ मध्ये राज्याचा. करडं पाणीही नियमात आलं, नमुने सक्तीचे झाले. बोटींवर चाळणीसारख्या पडद्यांतून पाणी गाळणारी नवी यंत्रं बसली, आणि ती बसवणं जमत नाही अशी तक्रार ज्यांची होती त्यांनाही दोन-चार वर्षांत जमलं. २००६ साली लोकांनी मतदानाने आणखी एक गोष्ट करून घेतली. परवानाधारक मरीन इंजिनीअर प्रवाशांसारखे बोटीवर राहतील आणि सांडपाण्यावर लक्ष ठेवतील, 'ओशन रेंजर' म्हणून. पगार सरकारचा, पैसा बोटींकडून वसूल केलेल्या शुल्काचा. मला हे पद फार आवडलं होतं. २०१९ साली राज्यपालांनी त्याची तरतूद कापली आणि रेंजर घरी गेले.

करावरूनही भांडण झालंच. जुनोने त्या पैशातून किनाऱ्यावर फिरायची वाट आणि देवमाशाचा मोठा पुतळा केला. क्रूझ कंपन्यांची संघटना कोर्टात गेली : पैसा बोटींच्या सोयीसाठी घेतला, पुतळा बोटीच्या काय कामाचा? २०१८ साली कोर्टाने मोठ्या प्रमाणात कंपन्यांची बाजू धरली, मग तडजोड झाली. तेव्हा मालवणकरांनो, कर लावलात तर तो कशावर खर्च करायचा ते आधी लिहून ठेवा. आपल्याकडे पुतळ्यांची हौस जरा जास्तच.

दुसरा नमुना बाल्टिक समुद्राचा. उथळ, जवळजवळ बंद समुद्र. मैल्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला खत होतं आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते. अंबाझरीत जलपर्णी वाढते ते पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. तिथे प्रवासी बोटींना आता कच्चा मैला सोडायला बंदी आहे, नव्या बोटींना २०१९ पासून, जुन्यांना २०२१ पासून, काही मार्गांना २०२३ पर्यंत सूट होती. एक तर बोटीवरच ती द्रव्यं काढा, नाहीतर बंदरात नळी जोडून गावाच्या गटारात द्या. हेलसिंकीत बोटीचं पाणी धक्क्यावरून शहराच्या गटारात आणि तिथून खडकात कोरलेल्या शुद्धीकरण केंद्रात जातं. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, बंदराच्या शुल्कातच ते धरलेले असतात. मैला द्या किंवा देऊ नका, पैसे तेवढेच. मग समुद्रात सोडून वाचणार काय? नियम लिहिणाऱ्याने कधीतरी किराणा दुकान चालवलं असावं.

पण यात गावाची परीक्षा असते. बोटीचा मैला घट्ट असतो, कारण व्हॅक्यूमच्या संडासात फ्लशला लिटर-दीड लिटरच पाणी लागतं. टाकीत तो तासन्‌तास साचून राहिलेला असतो, त्यामुळे सडक्या अंड्याचा तोच वायू धरतो. तो गटारात शिरला की वास आणि गंज दोन्ही आणतो. बोटीला चार-सहा तासांत सगळं रिकामं करून निघायचं असतं. एवढा लोंढा झेलणारं गटार आणि पुढे केंद्र गावाकडे नसेल, तर नळी जोडून काय मिळवलं? बोटीच्या टाकीतलं गावाच्या खाडीत आलं.

मालवणची आणखी एक अडचण. मोठी बोट धक्क्याला लागू शकत नाही तिथे ती बाहेर नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या बोटींनी येतात. नांगरलेली बोट चालत नाही, तेव्हा कच्चा मैला तिला सोडता येणार नाही. पण मान्यताप्राप्त यंत्रातलं पाणी आणि करडं पाणी? आंतरराष्ट्रीय नियम तिला तिथे अडवत नाही. तुमच्यासमोर १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य आहे, पोवळी आहेत, पाण्याखाली बघायला येणाऱ्यांवर भावाची खाणावळ चालते. भावाला सांगा, पहिला प्रश्न हाच विचार : नांगरावर असताना व्हॉल्व्हना सील लागणार का, आणि ते तपासायला बोटीवर कोण चढणार?

"सर, व्हॉट्सॲपवर 'जादूचा पाइप' असं काहीतरी वाचलं. खरं आहे का?"
— मेकॅनिकल, तिसरं वर्ष, हिंगणा रोड

खरं आहे. शुद्ध करणाऱ्या यंत्राला वळसा घालून घाण सरळ समुद्रात नेणारा बेकायदा पाइप, त्याला सगळीकडे 'मॅजिक पाइप' म्हणतात. २०१३ साली प्रिन्सेस कंपनीच्या एका बोटीवर नव्यानेच लागलेल्या इंजिनीअरला असा पाइप दिसला. त्याने ब्रिटनच्या अधिकाऱ्यांना कळवलं आणि साउदॅम्प्टनला राजीनामा देऊन उतरला. २०१६ साली कंपनीने गुन्हा कबूल केला, दंड ४ कोटी डॉलर. मुख्य प्रकरण तेलकट पाण्याचं होतं. पण त्यात एक गोष्ट अशीही निघाली की करड्या पाण्याच्या टाक्या ओसंडून इंजिनरूमच्या तळाशी साचायच्या, तेलात मिसळायच्या, आणि ते मिश्रण तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातून न नेता करडं पाणी म्हणून बाहेर फेकलं जायचं. ज्या पाण्याला नियम नाही, त्याच्या नावावर बाकीचं खपवलं.

तेलाला नोंदवही सक्तीची, कचऱ्याला नोंदवही सक्तीची. मी बोटीवर असेपर्यंत मैल्याला आंतरराष्ट्रीय नियमात तशी नोंदवही नव्हती. तुम्ही बोटीवर जाणार असाल तर स्वतःची डायरी ठेवा. वरिष्ठ म्हणाले 'हे नको लिहू' तर तारखेसह तेच लिहा.

"महोदय, तुम्ही नागपूरचे लोक अलास्काच्या मैल्याची काळजी करता. आम्ही भंडाऱ्याचे. तुमची नाग नदी कन्हानमधून वैनगंगेत येते आणि आमच्या पिण्याच्या पाण्यात उतरते. तुमच्या बारा मैलांत आम्ही येतो का?"
— एक वाचक, भंडारा

येता. हे पत्र आलं तेव्हा पहिल्या दोन पत्रांची उत्तरं लिहून झाली होती. ती फाडावीत असं वाटलं.

नागपूर ही नांगर टाकलेली बोटच आहे. लाव्हा गावच्या टेकड्यांपाशी उगम पावलेली नाग नदी शहरातून सुमारे सतरा किलोमीटर वाहते, वाटेत आमचं सगळं घेते. भांडेवाडीत बरंच पाणी शुद्ध होतं, ते कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्याबद्दल मी पाहुण्यांसमोर छाती फुगवून बोलतो. पण जे गटार तिथवर पोचतच नाही ते नदीत, नदी कन्हानमध्ये, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत, आणि खाली गोसीखुर्द धरणाच्या भिंतीने पाणी अडवलेलं. वाहत्या पाण्यात विरून जाईल म्हणावं तर पाणी वाहतच नाही. बोटीला निदान ४ नॉटची अट आहे.

तुमचं पत्र खिशात घालून मागच्या महिन्यात अंभोऱ्याला गेलो, नव्या पुलावर उभा राहिलो. पर्यटक फोटो काढत होते. पाणी सुंदर दिसत होतं, वरून दिसतंच. परत आल्यावर महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी गेलो. तिथे आता भाडेकरू आहेत. प्लंबरला बोलावलं, संडासात रंग टाकला, अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडून बसलो. दहा मिनिटं झाली तरी तिथे रंग आला नाही. तो आला घरामागच्या नाल्यात, आणि तो नाला अर्ध्या किलोमीटरवर नाग नदीला मिळतो. वडिलांनी घर बांधलं तेव्हापासून हे असंच असणार. बोटीवर नकाशा बघितल्याशिवाय मी एकही व्हॉल्व्ह उघडला नाही, आणि घरचा पाइप कुठे उघडतो ते मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

मुख्य गटाराला जोडणी मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. दोनदा जाऊन आलो, खिडकीवरचे साहेब दोन्हीदा जेवायला गेले होते. प्लंबर मात्र रंगाची बाटली पिशवीत टाकताना म्हणाला, "काका, तुमचंच काय घेऊन बसले? अख्ख्या बोळीचं असंच हाय."

पुढच्या रविवारी शेजारच्या चार घरी रंग टाकायचं ठरलं आहे.